ढगाखालची खिंड

नकाशा कचेरीत तिला सगळे रेघाबाई म्हणत. हे नाव कोणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, आणि तिला त्याचा रागही नव्हता. चहावाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना नावं पाडणारी बाई ती, स्वतःच्या वाट्याला एखादं आलं तर कुरकुर कशाला करील. तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत, उत्तरेच्या खिडकीखाली तिचं उतरतं टेबल होतं. तिथे बसून एकवीस वर्षं तिने एकच उद्योग केला होता: उभे डोंगर कागदावर आडवे करायचे. विमानातून काढलेल्या फोटोंची जोडी दोन भिंगांच्या चौकटीखाली सरकवायची, नजर जरा सैल सोडायची, की करड्या डागांतून डोंगर उठून थेट नाकाशी येतो. मग त्याच्या अंगाखांद्यावरून समान उंचीच्या रेघा फिरवायच्या. रेघा एकमेकींना चिकटल्या की समजायचं कडा आहे, ऐसपैस पसरल्या की चढ सोपा आहे. नवख्यांचा हात या कामात कापतो आणि जुन्यांचा कंटाळतो. तिचा ना कापला ना कंटाळला. ही बाई श्वास तरी कधी घेते, असं छापखान्यातला माणूस तिच्या रेघा बघून विचारायचा.

या बाईने आयुष्यात एकदाच खोटी रेघ काढली होती.

तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. सत्तेचाळीस नंबरचं पान तिच्या टेबलावर आलं. माणसांची वस्ती नाही, वाट नाही, गुरं नाहीत, नुसते डोंगर. सगळे फोटो लख्ख होते. फक्त मधल्या धारेवर एका ठिकाणी ढग बसला होता, अंगठ्याच्या नखाएवढा. अशा वेळी काय करायचं ते कचेरीत पहिल्याच दिवशी शिकवतात: रेघ तुटक काढायची आणि शेजारी बारीक अक्षरात ‘दिसले नाही’ असं लिहायचं. रेघाबाईने तसं केलं नाही. ढगाच्या अलीकडे आलेल्या रेघा आणि पलीकडे निघालेल्या रेघा तिने अखंड शाईत जोडून टाकल्या, आणि तिथे एक छानशी, रुंद, दोन्ही बाजूंनी सोप्या उताराची खिंड तयार झाली. साहेबांना पान शुक्रवारच्या आत हवं होतं, असं ती पुढे स्वतःला सांगायची. कोणी विचारलं नाही, कोणी तपासलं नाही, पान छापून निघालं. तिकडे जातंय कोण मरायला, या भरवशावर गोष्ट विसरून जायला हरकत नव्हती.

पण कशी विसरणार. त्या पानाची शाई फुटलेली एक छपाई तिने तेव्हा आठ वर्षांच्या भाचीला खेळायला दिली होती, आणि भाचीने ती पलंगाच्या वर भिंतीला चिकटवली.

भाचीला घरात खारू म्हणत, कारण चालायच्या आधी ती कपाटावर चढायला शिकली. रेघाबाईच्या दादाची ही एकुलती मुलगी. मोठी होऊन ती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागली. इमारतीच्या पोटातल्या काळोख्या विहिरीत दोरावर लोंबकळत काम करायचं, आणि सुट्टी मिळाली की डोंगरात जाऊन पुन्हा दोरावर लोंबकळायचं. वहिनी म्हणायची, ही पोरगी जमिनीवर फक्त जेवायला येते. खारूची एक सवय मात्र रेघाबाईला फार आवडायची. कोणतीही गोष्ट ती दोनदा तपासायची. इमारतीचा आराखडा चुकला की माणूस सरळ खड्ड्यात, हे ती हसत हसत सांगायची, पण ते हसण्यावारी न्यायचं नसतं हे ऐकणाऱ्याला कळायचं.

त्या वर्षी खारू सत्तावीस वर्षांची झाली आणि एका रविवारी दादाच्या घरी जेवणाच्या टेबलावर तिने सत्तेचाळीस नंबरचं पान पसरलं. कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं, मध्ये घड्यांच्या पांढऱ्या रेषा. उत्तरेच्या दरीतून आत शिरायचं, पूर्वी कोणी न गेलेल्या धारांवरून सहा दिवस चालायचं, आणि दक्षिणेच्या रस्त्याला उतरायचं. सगळी मदार पाचव्या दिवशीच्या खिंडीवर. धार ओलांडायला दुसरीकडे कुठे फटच नाही. सगळीकडे रेघा एकमेकींच्या उरावर बसल्यात. खारूने खिंडीवर बोट ठेवलं.

“लहानपणी झोपताना मी रोज इथून पलीकडे उतरायची,” ती म्हणाली. “आत्या, तू पण चल. स्वतः काढलेल्या डोंगरात तू एकदाही गेली नाहीस.”

त्याच वेळी सांगायला हवं होतं. रेघाबाईने तोंड उघडलंही, पण दादा मध्येच म्हणाला की आत्याच्या रेघेवर डोळे मिटून चालावं, आणि वहिनीने ताटात वाढलं, आणि बोलायची वेळ निघून गेली. उलट ती हो म्हणून बसली. गेली काही वर्षं खारूबरोबर लहानसहान डोंगर तिने केले होते, पाय दणकट होते, वय पंचेचाळीस. आपण बरोबर असलो की वाटेत कधीतरी सांगू, अशी तिने मनाची समजूत घातली. एका बाईच्या मनाची समजूत किती स्वस्तात पडते ते पुढच्या पाच महिन्यांत दिसलं. त्यात ती दोर बांधायला शिकली, बर्फात कुऱ्हाड रोवायला शिकली, आणि एवढं एक वाक्य काही तिला बोलता आलं नाही.

तिसरा गडी होता खारूचा दोरावरचा जोडीदार. धंद्याने दातांचा डॉक्टर. त्याला सगळे दातवाला म्हणत आणि तो ते नाव सार्थ करायचा. कड्यावर हात ठेवण्याआधी तो खिशातल्या छोट्या हातोडीने दगडावर टकटक करून आवाज ऐकायचा. दगड पोकळ वाजला तर तोंड वाकडं करून म्हणायचा, हा हलतोय, काढावा लागेल. हातात यंत्र धरून आपण कुठे आहोत ते बघायचे दिवस अजून यायचे होते. तिघांकडे होतं एक होकायंत्र, एक दोर आणि सत्तेचाळीस नंबरचं पान.

पहिल्या दिवशी झाडं संपली, दुसऱ्या दिवशी गवत संपलं, आणि मग रेघाबाईला जे दिसायला लागलं त्याची तिला कल्पनाच नव्हती. हे सगळे डोंगर तिच्या ओळखीचे होते. तो दोन शेंड्यांचा, तो पाठीला कुबड असलेला, तो पूर्वेला एकदम तुटलेला. प्रत्येकाच्या अंगावरून तिचा हात फिरलेला. पण भिंगाखाली ते मुठीएवढे असायचे. इथे सकाळी तंबूतून डोकं बाहेर काढलं तर समोरचा डोंगर आकाशातली अर्धी जागा अडवून उभा, आणि दुपारपर्यंत चाललं तरी तो तेवढाच लांब. त्यांच्या बोलण्याचा आवाज त्या मोकळ्या हवेत दहा पावलांवर विरून जायचा. एकदा समोरच्या उतारावरून बर्फाचा थर सुटला. आधी दिसला तो पांढरा धूर, अगदी सावकाश, आणि त्यानंतर कितीतरी वेळाने गडगडाट आला. रेघाबाई दगडावर बसून राहिली. आपण एवढ्या मोठ्या गोष्टीला कागदावर बोटाएवढी जागा दिली होती, याची तिला लाज वाटली आणि अभिमानही वाटला, आणि दोन्हीपेक्षा मोठी अशी काहीतरी भीती तिला वाटली. आपलं कोणी नाही असं वाटणारी ती भीती नव्हती. आपण कोणीच नाही, अशी होती, आणि त्यात विलक्षण सुख होतं.

“आत्या, तुमच्या पाठीवरची पिशवी एवढी जड का?” दातवाल्याने एका चढावर तिला हात देताना विचारलं. “शाईची दौत आणलीत की काय?”

तिने हसून वेळ मारून नेली.

नकाशा मात्र जागच्या जागी जुळत होता. ओढा म्हणाल तर ओढा, कडा म्हणाल तर कडा. खारू प्रत्येक वळणावर पान उघडायची, डोंगराकडे बघायची, पुन्हा पानाकडे बघायची आणि खूश व्हायची. जिथे रेघेला बारीकसं कोपर होतं तिथे खरोखर कोपर होतं. आणि प्रत्येक वेळी तिने मान डोलावली की रेघाबाई दुसरीकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दोन दऱ्यांच्या फाट्यावर पोचले. डावी दरी दोन दिवसांत सरळ रस्त्याला लागत होती. तिथून गेलं तर जीव सुखरूप, पण मोहीम सोडल्यासारखी. उजवी दरी खिंडीकडे. उजवीकडे एकदा गेलं आणि खिंड नसली, तर पाठीवर एका दिवसाचं अन्न आणि मागे तीन दिवसांची वाट. दातवाला स्टोव्ह पेटवत होता. खारू दुसऱ्या दिवशीच्या चालीचा हिशेब मांडत होती. आता नाही तर कधीच नाही, हे रेघाबाईला कळलं, आणि तिने सांगून टाकलं. ढग, नियम, शुक्रवार, सगळं.

सगळं ऐकून घेतल्यावर खारूने एवढंच विचारलं, “मग तिथे आहे काय?”

“मला माहीत नाही.”

“म्हणजे खिंड असेलही.”

“असेल. नसेल. मला खरंच माहीत नाही गं.”

दातवाल्याने स्टोव्ह बंद केला. मग खारू उठली, रेघाबाईच्या पिशवीपाशी गेली आणि तिने ती उघडली. तळाशी बिस्किटांचे सहा पुडे, सुकामेव्याची मोठी थैली, सूपची पाकिटं. यादीत नसलेलं, तिघांना दोन दिवस पुरेल एवढं. तीन दिवस आत्या ते ओझं मुकाट्याने वाहत होती.

“म्हणजे तू घरूनच हे धरून निघालीस, की आम्ही अडकू,” खारू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “खाण्याची सोय केलीस. सांगितलं मात्र नाहीस.”

खारू दगडांच्या पलीकडे जाऊन बराच वेळ पाठ करून उभी राहिली. चूक झाली म्हणून ती रागावली नव्हती, हे आत्याला बरोबर कळलं. चुका तर लिफ्टच्या विहिरीतही होतात. एकोणीस वर्षं ती ज्या जागेत झोपेत चालत होती ती जागाच या बाईने मनाने काढलेली होती, आणि ते तिला या दगडांत उभं राहून कळत होतं. आता ही पोरगी माझ्या कोणत्या शब्दावर पाऊल ठेवील? रेघाबाईला दुसरं काहीच सुचत नव्हतं. नोकरी गेली तरी चालेल, पण हे जायला नको होतं.

परत आल्यावर खारूने निर्णय सांगितला. मोहीम संपली. पण आत्याने आणलेलं अन्न धरलं तर धारेपर्यंत जाऊन, बघून, परत फाट्यावर यायला आणि डाव्या दरीने बाहेर पडायला पुरत होतं. ओलांडायचं नाही, फक्त बघायचं. पाचव्या दिवशी सकाळी अकरा वाजता, काही दिसो न दिसो, मागे फिरायचं. दातवाल्याने मान हलवली. रेघाबाईला कोणी विचारलं नाही आणि ते योग्यच होतं.

चौथ्या दिवशी तिघे दिवसभर चढले. संध्याकाळी एका काळ्या कातळपट्ट्याखाली तंबू लावला. हा पट्टा धारेच्या खाली आडवा पसरलेला, सरळ उभा, तीन मजली इमारतीएवढा, आणि त्यातून वर जायला एकच अरुंद घळ. ती घळ नकाशात होती आणि जिथे होती तिथेच सापडली. खारूने पान मिटलं, पण या वेळी मान डोलावली नाही.

पाचव्या दिवशी पहाटे ते घळीतून वर चढले. वर रुंद बर्फाचं मैदान होतं, थोडंसं कललेलं. धारेवर पोचेपर्यंत नऊ वाजले, आणि धारेवर ढग बसला होता. जिथे एकोणीस वर्षांपूर्वी बसला होता, अगदी तिथेच. दातवाला म्हणाला, याने जागा सोडलेलीच दिसत नाही. पुढे काय आहे ते दिसत नव्हतं म्हणून ते तिघे दोराला बांधलेले, एकमेकांपासून चार हातांवर, बर्फात बसून राहिले. दहा वाजले. साडेदहा वाजले. ढगातून गार ओलसर हवा खालून वर येत होती, आणि तिच्याबरोबर एक आवाजही, सतत, जड, कुठून येतो ते न समजणारा. खारूने घड्याळ बघितलं.

अकराला दहा मिनिटं कमी असताना ढग उठला. विरला नाही, फाटला नाही. सगळाच्या सगळा, सावकाश, वर उचलला गेला.

त्यांच्या पायांपासून सहा पावलांवर जमीन संपत होती.

तिथे खिंड नव्हती. धार तिथे तुटली होती. दोन्ही बाजूंचे कडे सरळ खाली गेले होते, इतके खाली की नजर उतरताना मध्ये दमत होती. पलीकडच्या कड्याच्या अंगावर तांबडे आणि काळे पट्टे होते, वाकलेले, दुमडलेले, कधीकाळी दगडही मऊ होता याची खूण सांगणारे. आणि त्या कड्याच्या मधोमध, उघड्या दगडातून, एक अख्खी नदी बाहेर पडत होती. वर नाही, खाली नाही, मधूनच. ती नुसती पडत होती, आणि अर्ध्या वाटेवर पाण्याचं पाणीपण संपून त्याचा धूर होत होता. तळाशी एक तळं होतं, गर्द हिरवं, त्यावर बर्फाचे तुकडे. तळ्याच्या वर पक्षी घिरट्या घालत होते, आणि रेघाबाईला त्यांच्या पाठी दिसत होत्या. जन्मात पहिल्यांदा ती उडत्या पक्ष्यांच्या पाठी बघत होती.

तिचे डोळे भरून आले. त्यात दुःख नव्हतं. हे सगळं इथे होतं. तिने शाई लावली तेव्हाही होतं, तिच्या आधी हजारो वर्षं होतं, कोणी बघावं अशी याची काही अपेक्षा नव्हती. ही नदी रोज अशीच पडत होती आणि तिने त्यावर तीन रेघा ओढून विषय संपवला होता. दातवाल्याची हातोडी खिशातून अर्धी बाहेर आलेली होती, ती त्याने परत आत ठेवली.

“साहेबांची घाई नव्हती,” रेघाबाई म्हणाली. तिला स्वतःलाही माहीत नव्हतं की ती हे बोलणार आहे. “म्हणजे होती, पण ती रोजचीच. तुटक रेघ काढायला तेवढाच वेळ लागला असता. मला ती रेघ आवडली होती, खारू. दोन्हीकडून येऊन इतकी अलगद मिळाली, की तोडायला हात धजला नाही.”

खारू दरीकडे बघत राहिली. अकरा वाजून गेले. वेळ पाळण्याच्या बाबतीत सख्ख्या बापाचंही न ऐकणारी ही मुलगी अकरा वाजून दहा मिनिटं झाली तरी हलली नाही.

“आवडण्यासारखीच होती,” ती शेवटी म्हणाली. त्या आवाजात माफी नव्हती आणि रागही नव्हता. मग ती उठली आणि तिने दोराची गाठ दोनदा तपासली.

ढग जसा वर गेला होता तसा खाली आला, आणि या वेळी बर्फ घेऊन आला. मैदानाच्या मध्यावर पोचेपर्यंत पुढचं माणूस दिसेनासं झालं. सकाळच्या पावलांच्या खुणा बुजल्या. वर पांढरं, खाली पांढरं, आणि उजवीकडे कुठेतरी तो काळा पट्टा, ज्याच्या कडेवरून एक पाऊल चुकलं की तीन मजले खाली. घळ एकच, आणि तिचं तोंड खाटेएवढं रुंद. तंबू खाली, अन्न खाली. दातवाला म्हणाला, थांबू या. खारू म्हणाली, थांबलो तर रात्र इथेच काढायची आणि इथे रात्र निघत नाही. ती होकायंत्र बघत होती, पण होकायंत्र दिशा सांगतं, घळ कुठे ते सांगत नाही.

रेघाबाई डोळे मिटून उभी होती. तिला मैदान दिसत नव्हतं, पण पायांखाली त्याचा कल लागत होता, आणि तो कल तिच्या हाताला माहीत होता. पट्ट्याच्या वरची रेघ. उतार उजव्या हाताला ठेवून, ना चढायचं ना उतरायचं, एकाच उंचीवर चालत राहायचं. म्हणजे त्या रेघेवरूनच चालायचं. जिथे रेघ डावीकडे, डोंगराच्या पोटात वळते, तिथे उजवीकडे खाली घळ.

“मला पुढे जाऊ दे,” ती म्हणाली.

खारू क्षणभर थांबली, मग तिने दोर मोकळा दिला. रेघाबाई चालायला लागली. कागदावर हे अंतर पेन्सिलच्या टोकाएवढं होतं. इथे ती दोनशेपर्यंत पावलं मोजून विसरली आणि पुन्हा मोजायला लागली. बर्फ तोंडावर येत होता. चाल थोडी जरी उतरली की घोटा सांगायचा, थोडी चढली की पोटरी सांगायची. आणि मग, काहीही दिसत नसताना, तिची पावलं हळूहळू डावीकडे वळली. ती थांबली. दोन पावलं मागे आली, पुन्हा चालली. पुन्हा डावीकडे.

“इथे,” ती म्हणाली. “इथून उजवीकडे खाली.”

उजवीकडे पांढऱ्या हवेखेरीज काही नव्हतं. दातवाल्याने कुऱ्हाड दांड्यापर्यंत बर्फात रोवली, दोर तिच्याभोवती घेतला आणि वर बसला. कडेला आधी खारू जाणार होती. ती रेघाबाईच्या इतकी जवळ आली की तिच्या भुवयांवरचा बर्फ दिसला.

“आत्या, ही रेघ कुठली?” तिने विचारलं. “बघितलेली, की काढलेली?”

“बघितलेली,” रेघाबाई म्हणाली. “फोटोत सकाळची तिरपी सावली होती. घळीचं तोंड मी तीनदा मोजलं होतं.”

खारू तिच्या तोंडाकडे बघत राहिली. लिफ्टच्या उघड्या दारातून खालच्या काळोखात पाय टाकण्याआधी ती आराखड्याकडे बघते तशी. मग तिने तोंड डोंगराकडे केलं आणि मागल्या पावलाने कडेवरून खाली गेली. दोन पावलांत ती दिसेनाशी झाली.

दोर रेघाबाईच्या हातमोज्यांतून सरकत होता. हातभर. दोन हात. पाच हात. मग थांबला. तिने श्वास रोखून धरला होता. छापखान्यातला माणूस असता तर त्याला आता विचारावं लागलं नसतं. दादाची एकुलती मुलगी त्या पांढऱ्यात होती, आणि तिच्या पायाखाली दगड आहे की नाही हे या बाईच्या एका जुन्या सकाळच्या मोजणीवर अवलंबून होतं. दोर हलला नाही. मग दोर पुन्हा सरकला, सावकाश, आठ हात, दहा हात, आणि सैल पडला.

“आहे,” खालून आवाज आला. वाऱ्यात अर्धा उडालेला, पण खारूचा. “आत्या, आहे. ये तू.”